चेंडू गावाचा, थैली कोणाची?

माझ्या वर्गात एक विद्यार्थी होता. घरी शेती थोडकी आणि कोंबड्यांची एक शेड. एके दिवशी तास संपल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "सर, पुण्याच्या कोंबडीवाल्या कंपनीनं विलायतेत फुटबॉलचा क्लब घेतलाय म्हणतात, ते खरं का? आणि कोंबडीवाल्याला चेंडूचं काय काम?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. होय, खरे आहे. इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा जुना नामांकित क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजे आपण ज्याला 'व्यंकीज' म्हणतो त्याने, २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र मला सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जावे लागले. त्या मुलाला जे सांगितले तेच आज जरा सवडीने आपल्यापुढे मांडतो.

ब्लॅकबर्न हे लँकशायरातले गिरणगाव. हे नाव आपल्याला अगदीच परके नाही, बरं का! हिंदुस्थानात खपणारी धोतरजोडी विणणे हा तिथल्या मागांचा एक मोठा धंदा होता. आपल्या पणजोबांच्या कमरेचे धोतर ब्लॅकबर्नच्या विणकराने विणलेले असण्याचा पुष्कळ संभव आहे. त्या विणकराला १८५० च्या कायद्याने एक गोष्ट मिळाली होती. शनिवारी दुपारी दोनला गिरणीचा भोंगा व्हायचा आणि उरलेला दिवस त्याचा स्वतःचा. हाती मोकळी दुपार आली, खिशात चार पेनी आल्या, आणि त्यातून चेंडूच्या खेळाला तिकीट काढून बघणारा प्रेक्षक जन्माला आला. इंग्लंडात फुटबॉलचे नियम बांधले ते बड्या शाळांतल्या श्रीमंत मुलांनी. पण त्या खेळाचा धंदा झाला तो या गिरणगावांत.

ब्लॅकबर्नपासून चार-पाच मैलांवर डार्वेन नावाचे गाव आहे. १९३१ च्या सप्टेंबरात महात्माजी गोलमेज परिषदेला गेले असता परदेशी कापडावरच्या बहिष्काराने ज्यांचे माग थंडावले होते त्या कामगारांना भेटायला गेले, तेच हे डार्वेन. १८७९ साली या गावच्या संघाची गाठ राष्ट्रीय चषकाच्या सामन्यात ओल्ड इटोनियन्सशी, म्हणजे ईटनच्या बड्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांशी, पडली. सामना बरोबरीत सुटला, म्हणून पुन्हा खेळला. तोही बरोबरीत सुटला, म्हणून तिसऱ्यांदा खेळला. आणि तिन्ही सामने लंडनला! गिरणीतल्या माणसाने दोनशे मैल जायचे, मजुरी बुडवायची, रेल्वेचे भाडे भरायचे, ते कुठून? गावाने वर्गणी काढली. तिसऱ्या सामन्यात डार्वेन हरले. पण खेळाडूच्या मागे पैसा उभा राहिल्याशिवाय गिरणीकामगार श्रीमंतांच्या पोरांशी बरोबरीने खेळू शकणार नाही, ही गोष्ट साऱ्या लँकशायरला समजली.

त्या वेळी खेळासाठी पैसे घेणे नियमाविरुद्ध होते. तरी पैसे मिळत होतेच. डार्वेनच्या संघात फर्गस सूटर नावाचा स्कॉटलंडहून आलेला पाथरवट होता. इंग्लंडचा दगड फार कठीण, हात सुजतात, असे म्हणून त्याने छिन्नी-हातोडा ठेवून दिला म्हणतात. तरी त्याचे पोट मात्र व्यवस्थित चालले होते. ते कसे, हे विचारायचे नाही! पुढे १८८० मध्ये हाच गृहस्थ ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला. ब्लॅकबर्नमध्येच ऑलिंपिक नावाचा दुसरा एक क्लब होता. सिडनी येट्स या लोखंडाच्या ओतकामाच्या कारखानदाराने त्याला हात दिला. मोठ्या सामन्याआधी येट्सच्या पैशाने विणकर, सूतकताई करणारे, नळकाम करणारे असे हे खेळाडू समुद्रकाठी ब्लॅकपूलला सरावाला नेले. आपल्याकडे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पैलवानांच्या खुराकाची सोय केली, त्यातलाच हा प्रकार म्हणा. १८८३ साली ऑलिंपिकने त्याच ओल्ड इटोनियन्सना २–१ असे हरवून चषक लँकशायरला आणला.

अवघ्या सहा वर्षांनी, १८८९ मध्ये, हा क्लब बंद पडला. एका गावात दोन क्लबांना पुरतील इतके प्रेक्षक नव्हते आणि खेळाडूंचे पगार तर वाढत होते. चषक जिंकणे ही एक गोष्ट आणि शनिवारचा पगार वाटणे ही दुसरी.

आता ब्लॅकबर्नच्या शेजारच्या प्रेस्टन गावची हकीकत ऐका. या साऱ्या इतिहासात मला ती सर्वांत बोलकी वाटते. विल्यम सडेल हा तिथल्या सूतगिरण्यांचा व्यवस्थापक आणि प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबचा कर्ताधर्ता. स्कॉटलंडहून उत्तम खेळाडू आणावेत, त्यांना नाममात्र काम द्यावे आणि खेळायचे पैसे द्यावेत, असा त्याचा क्रम. १८८४ मध्ये तक्रार झाली, तेव्हा या बहाद्दराने सरळ कबूल केले की होय, आम्ही पैसे देतो, आणि सगळेच देतात. प्रेस्टनला त्या वर्षीच्या स्पर्धेबाहेर काढले. तेव्हा उत्तरेकडचे क्लब वेगळी संघटना काढायला निघाले. शेवटी जुलै १८८५ मध्ये पैसे घेऊन खेळायला रीतसर परवानगी मिळाली.

परवानगी मिळाली आणि खरी अडचण पुढे आली. पगार दर आठवड्याला द्यायचा, पण सामना दर आठवड्याला होईलच याचा नेम नाही. ठरलेला संघ ऐन वेळी यायचा नाही, प्रेक्षक परत जायचे, गल्ला रिकामा. यावर उपाय म्हणून १८८८ मध्ये बारा क्लबांनी मिळून 'लीग' काढली. वेळापत्रक आधी ठरलेले, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे. खेळाच्या इतिहासात या लीगचे गोडवे फार गातात. पण ती निघाली ती जमाखर्चाच्या वहीतून, हे विसरू नये.

पहिल्याच हंगामात सडेलच्या प्रेस्टनने एकही सामना न हरता लीग जिंकली आणि चषकही जिंकला. सडेलचा केवढा जयजयकार झाला असेल! पुढे १८९५ मध्ये तो न्यायालयात उभा राहिला. गिरण्यांच्या हिशेबात खोट्या नोंदी करून त्याने मालकांचे पैसे काढले होते आणि त्यांतला मोठा भाग क्लबवर खर्च केला होता. तीन वर्षांची सजा झाली. सुटल्यावर तो दक्षिण आफ्रिकेत गेला, तिथे वार्ताहराचे काम केले आणि तिथेच वारला. माणूस चोर होता का? कायद्याने होता. पण ज्यांनी त्याला खांद्यावर घेतले त्यांपैकी कोणी तरी त्याला विचारले होते का, की बाबा, हा पैसा येतो कुठून? आपल्याकडे गावच्या उरुसात कोणी एकट्याने हजारो रुपये उधळले म्हणजे आपण तरी विचारतो का?

मग या वेडाला आवर घालण्यासाठी काही बंधने आली. क्लब कंपन्या झाले. ब्लॅकबर्न रोव्हर्स १८९७ मध्ये झाला. पण भागधारकाला शंभरामागे पाचांहून जास्त लाभांश मिळायचा नाही आणि संचालकाने पगार घ्यायचा नाही, असे दंडक होते. १९०१ पासून खेळाडूचा पगार आठवड्याला चार पौंडांपुढे न्यायचा नाही, असे ठरले. शिवाय यजमान क्लबाने तिकिटांच्या पैशांतला काही वाटा पाहुण्या क्लबाला द्यायचा. यात खेळाडूंवर उघड अन्याय होता. साठ-साठ हजार लोक ज्याला बघायला येतात, त्याच्या हाती चार पौंड! पण याच बंधनांमुळे लहान गावाचा क्लब मोठ्या शहराच्या क्लबाशेजारी कसाबसा उभा राहत होता, हेही तितकेच खरे आहे.

जानेवारी १९६१ मध्ये पगाराची मर्यादा गेली. तेव्हा ती वीस पौंड होती. लगेच लंडनच्या जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड मिळू लागले. खेळाडूंना न्याय मिळाला. त्यांनी तो संघटनेच्या बळावर मिळवला आणि तो योग्यच होता. पुढच्याच वर्षी ब्लॅकबर्नपासून पाच मैलांवरच्या ॲक्रिंग्टन स्टॅन्ली या क्लबाला कर्जापायी हंगाम अर्धवट टाकून लीग सोडावी लागली. त्याचे कर्ज आधीपासूनचे होते, तेव्हा सारा दोष १९६१ च्या माथी मारता येत नाही. पण लहान गावांची पुढची वाट कशी असेल ते दिसून आले. १९८३ मध्ये लीगच्या सामन्यांतला पाहुण्यांचा वाटाही बंद झाला. ज्याचे मैदान मोठे त्याचा सारा गल्ला. आणि १९९२ मध्ये वरच्या बावीस क्लबांनी वेगळी चूल मांडून प्रीमियर लीग काढली. दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पाच वर्षांचे ३० कोटी ४० लाख पौंड त्यांच्या चुलीवर शिजू लागले.

या सुमारास ब्लॅकबर्नला काय होते? माग बंद पडले होते आणि क्लब १९६६ पासून दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर पडला होता. तिथे जॅक वॉकर आला. हा त्याच गावात जन्मलेला पोलादाचा व्यापारी. आपला धंदा त्याने १९८९ मध्ये सुमारे ३३ कोटी पौंडांना विकला होता आणि लहानपणापासून क्लबाचे वेड होते. त्याने १९९१ मध्ये क्लब हाती घेतला, मैदान नव्याने बांधले आणि ॲलन शिअररसारखा खेळाडू तीस लाखांवर पौंड मोजून आणला. मे १९९५ मध्ये ब्लॅकबर्न इंग्लंडचे विजेते झाले. एक लाखभर वस्तीचे गाव, ८१ वर्षांनी! लोक त्याला अजून देवासारखे मानतात. मात्र एक ध्यानात घ्या. वॉकरने क्लबाला फायद्यात आणले नव्हते. तूट भरून काढली होती. येट्सने केले ते त्याने हजारपटीने केले. २००० मध्ये तो वारला. त्याच्या विश्वस्तांनी काही वर्षे क्लब सांभाळला आणि मग गिऱ्हाईक शोधले. असे पुण्याचे लोक तिथे पोचले.

पुढची कथा आपल्याला फारशी सुखाची नाही. आल्या आल्या जुना, अनुभवी प्रशिक्षक काढला. दोन हंगाम पुरे होतात न होतात तोच, मे २०१२ मध्ये, क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला. त्या दिवशी चिडलेल्या प्रेक्षकांपैकी कोणीतरी क्लबाच्या रंगाचे फडके बांधलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. मालकांना उद्देशूनच. ते चित्र जगभर गेले. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या पायरीपर्यंत उतरला आणि पुढच्या वर्षी पुन्हा एक पायरी चढला.

इथे तो माझा विद्यार्थी उसळून म्हणाला, "म्हणजे आपल्याच माणसांनी वाट लावली!" मी म्हटले, थांब. चुका झाल्या, त्या तिथल्या प्रेक्षकांनी तोंडावर सांगितल्या आणि तो त्यांचा हक्कच होता. पण वरच्या पायरीवरून खाली येताच दूरचित्रवाणीचा पैसा आटतो आणि खेळाडूंचे करार मात्र वरच्या भावाचे असतात. उसाचा भाव पडला म्हणून विहिरीच्या कर्जाचा हप्ता कमी होत नाही, तसेच हे. ती तूट वर्षानुवर्षे पुण्याहून भरली गेली. शिव्या खात खात भरली गेली.

ती भरली नाही तर काय होते, ते बेरी या गावाने पाहिले. तेही लँकशायरचे जुने गिरणगाव. क्लब १८८५ चा. १९०० आणि १९०३ असा दोनदा राष्ट्रीय चषक जिंकलेला. डिसेंबर २०१८ मध्ये हा क्लब एका पौंडाला विकला गेला. चुकले नाही ऐकायला, एका पौंडाला! कारण मालमत्तेबरोबर कर्जही घ्यायचे होते. आपल्याजवळ देणी भागवण्याइतका पैसा आहे हे नवा मालक दाखवू शकला नाही. २७ ऑगस्ट २०१९ रोजी, लीगमध्ये १२५ वर्षे काढल्यावर, बेरीचे नाव लीगमधून काढून टाकले. मैदानाला कुलूप लागले. बाप-आजोबांपासून एकाच जागेवर बसणारी माणसे फाटकापाशी उभी राहून रडत होती. क्लबाच्या वहीत त्यांचे नाव कुठेच नव्हते. कायद्याने ते फक्त गिऱ्हाईक होते.

आपल्याकडे हे कुलूप इतक्या गाजावाजाने लागत नाही. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा राष्ट्रीय विजेता झालेला संघ. २०१० मध्ये कंपनीने तो बंद करायचे ठरवले, आणि झालं, बंद झाला. कोल्हापुरात पेठांच्या तालमींचे संघ अजून खेळतात, ते पेठेच्या जिवावर. दोन्हींत फरक काय, याचा विचार शिक्षकबंधूंनी वर्गात अवश्य करावा. मुले त्यावर चांगली बोलतात, असा माझा अनुभव आहे.

बेरीच्या घटनेने इंग्लंडचे सरकारही हलले. क्लबाचा मालक कोण असावा आणि त्याच्याजवळ पैसा खरोखर आहे का, हे तपासण्यासाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा जुलै २०२५ मध्ये तिथे झाला. डार्वेनच्या जुन्या क्लबाला त्याचा उपयोग नव्हता; तो २००९ मध्येच कर्जापायी बंद झाला होता आणि गावाने नव्या नावाने दुसरा उभा केला होता. बेरीच्या लोकांनीही कायद्याची वाट पाहिली नाही. त्यांनी आपल्या संस्था उभ्या केल्या, वर्गणी आणि देणग्या जमवल्या, सरकारकडून मदत मिळवली, मैदान परत घेतले. २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांचा संघ पुन्हा त्याच जुन्या मैदानावर उतरला, नवव्या पायरीवर. समोर खेड्यापाड्यांचे संघ होते, आणि बघायला हजारो लोक.