इंधन-मितव्ययता, लहान मोटारगाडीची

ठराविक इंधनात मोटारगाडीने जास्तीत जास्त अंतर कापण्याचा गुण. भारतात हा गुण दर लिटरमागे किलोमीटर (किमी./लि.) या एककात, तर यूरोपात १०० किमी. अंतरासाठी लागणाऱ्या लिटरांत सांगतात. उत्पादकाने जाहीर केलेला आकडा व प्रत्यक्ष रस्त्यावर मिळणारा आकडा यांत बहुधा तफावत असते. मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबात मोटारगाडीची निवड पुष्कळदा याच आकड्यावर ठरत असल्याने या तफावतीला केवळ तांत्रिक नव्हे, तर आर्थिक व सामाजिक महत्त्वही आहे.

इतिहास : इंधनाच्या काटकसरीसाठी लहान मोटारगाडी बनविण्याची कल्पना मुख्यत्वे यूरोपातील. इटलीत फियाट कंपनीची ५०० ही गाडी १९३६ मध्ये निघाली. १९५६ च्या सुएझ संघर्षानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई जाणवली आणि तीतून ॲलेक इसिगोनिस यांनी अभिकल्पिलेली मिनी ही गाडी १९५९ मध्ये बाजारात आली. १९७३ मधील अरब-इझ्राएल युद्धानंतर खनिज तेलाची किंमत काही महिन्यांत सु. चौपट झाली. तोपर्यंत इंधनाचा विचार न करणाऱ्या अमेरिकेनेही १९७५ मध्ये कायदा करून उत्पादकांना सरासरी इंधन-मितव्ययतेची मानके लागू केली.

महाराष्ट्रात वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने मुंबईतील कुर्ला येथे मोटारगाड्यांचे उत्पादन सुरू केले. फियाट ११०० च्या आधारे बनलेली तिची गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या एंजिनाचे घनमान १,०८९ घ. सेंमी., शक्ती सु. ४० अश्वशक्ती आणि वजन सु. ९०० किग्रॅ. होते. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ही गाडी अनेक दशके धावली. अशा टॅक्सींपैकी अखेरची २०२३ मध्ये सेवेतून निघाली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ही गाडी आली. तिचे तीन सिलिंडरांचे एंजिन अवघ्या ७९६ घ. सेंमी. घनमानाचे असूनही त्याची शक्ती जवळजवळ पद्मिनीइतकीच होती आणि गाडीचे वजन मात्र सु. ६५० किग्रॅ. होते. वजनातील या घटीमुळे तिला इंधन बरेच कमी लागे. ‘गाडी किती देते?’ हा प्रश्न सर्वसामान्यांच्या बोलण्यात रुळण्यास ही गाडी पुष्कळ अंशी कारणीभूत झाली. पुण्याच्या टाटा उद्योगाने १९९८ मध्ये डीझेलवर चालणारी इंडिका आणि २००९ मध्ये ६२४ घ. सेंमी. एंजिनाची नॅनो ही गाडी आणली. नॅनोचा प्रमाणित आकडा २३·६ किमी./लि. होता. मुंबई परिसरात महानगर गॅस कंपनीच्या (स्थापना १९९५) द्वारे संपीडित नैसर्गिक वायूचा प्रसार झाल्यावर किलोग्रॅममागे किलोमीटर हे मापही रूढ झाले.

प्रमाणित मापन : पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय, स्थापना १९६६) ही संस्था या क्षेत्रात अग्रगण्य असून तिच्या नावावरून प्रमाणित आकड्यास बोलीत ‘एआरएआय मायलेज’ असेच म्हणतात. या मापनात गाडी रस्त्यावर न चालविता प्रयोगशाळेतील फिरत्या रुळांवर, म्हणजे शक्तिमापकावर चालवितात. वाऱ्याचा व टायरांचा रोध रुळांना योग्य तो भार देऊन निर्माण करतात. वेग केव्हा वाढवावा, केव्हा कमी करावा व गाडी किती सेकंद उभी ठेवावी, हे एका ठराविक वेगचक्रात दिलेले असते. जुने भारतीय वेगचक्र १०८ सेकंदांचे असून ते सहा वेळा चालवीत. त्यातील कमाल वेग ताशी ४२ किमी. होता. त्यानंतर मोटारगाड्यांसाठी आलेल्या सुधारित भारतीय वेगचक्राचा कालावधी सु. २० मिनिटे व कमाल वेग ताशी ९० किमी. आहे.

विशेष म्हणजे या चाचणीत इंधन मापाने मोजीत नाहीत. धुराड्यातून निघालेला वायू साठवून त्यातील कार्बन डाय-ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने यांचे प्रमाण काढतात. इंधनातील कार्बन अखेर या वायूंतच जात असल्याने त्यांवरून किती इंधन जळले हे गणिताने निश्चित करता येते. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सु. २·३ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. भारतात १ एप्रिल २०१७ पासून उत्पादकांना लागू झालेली सरासरी इंधन-मानकेही याच चाचणीवर आधारलेली असून २०२२-२३ पासून ती अधिक कडक झाली.

तफावतीची कारणे : प्रयोगशाळेतील आकडा खोटा नसतो, परंतु तो विशिष्ट परिस्थितीतील असतो. चाचणीच्या वेळी वातानुकूलन यंत्र बंद, भार अल्प, टायरांतील दाब योग्य, इंधन प्रमाणित आणि वेगवाढ मंद असते. प्रत्यक्षात यांपैकी एकही अट क्वचितच पाळली जाते. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ६० किमी. ऐवजी ९० किमी. वेगाने जाताना तो सव्वादोन पट होतो. याउलट खोळंबलेल्या रहदारीत उभ्या गाडीचे लहान एंजिनही तासाला सु. अर्धा ते एक लिटर इंधन जाळते आणि त्या वेळी अंतर मात्र शून्य असते. थंड एंजिनास प्रारंभी अधिक पेट्रोल लागते. म्हणून दोन-तीन किलोमीटरांच्या तुटक फेऱ्या सर्वांत महाग पडतात.

वसई तालुक्यातील उमेळे या गावाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. नायगाव व वसई रोड या रेल्वे स्थानकांच्या परिसरातील येथील रहिवासी नोकरीसाठी मुंबईस बहुधा रेल्वेने जातात. त्यामुळे घरच्या गाडीच्या वाट्यास स्थानक, शाळा व बाजार यांच्या आखूड फेऱ्या येतात आणि एंजिन पुरते तापण्यापूर्वीच बंद होते. वसई खाडीवर येथे रेल्वेचे पूल आहेत. मोटारीने मुंबईस जावयाचे तर मात्र पूर्वेस महामार्ग गाठून घोडबंदरनजीकच्या पुलावरून जावे लागते. वसई-भाईंदर ही वाहने नेणारी बोटसेवा २०२४ मध्ये सुरू झाली. म्हणजे एकाच गाडीला आठवडाभर आखूड फेऱ्या व सुटीच्या दिवशी महामार्गावरील कोंडी अशा दोन्ही प्रतिकूल परिस्थितींस तोंड द्यावे लागते. वेगचक्र यांपैकी कशाचेच यथार्थ चित्र देत नाही.

इंधनाचा प्रकारही महत्त्वाचा आहे. इथेनॉलमधील ऊर्जा, घनमानाच्या हिशेबाने, पेट्रोलच्या सु. दोन-तृतीयांश असते. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२५ मध्ये देशात सर्वत्र प्रचारात आले. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, शुद्ध पेट्रोलसाठी बनविलेल्या व १० टक्के मिश्रणास जुळवून घेतलेल्या चारचाकी गाड्यांची मितव्ययता अशा इंधनामुळे सु. ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, तर या मिश्रणासाठीच जुळविलेल्या गाड्यांत ही घट १ ते २ टक्केच राहील, असा अंदाज दिलेला होता.

इतर देशांतील अनुभव : तफावत ही केवळ भारतातील समस्या नाही. अमेरिकेत १९८५ च्या गाड्यांपासून प्रयोगशाळेतील शहरी आकडा १० टक्क्यांनी व महामार्गाचा आकडा २२ टक्क्यांनी कमी करून जाहीर करण्याची प्रथा पडली. २००८ पासून तेथे वातानुकूलन, थंड हवामान व जास्त वेग यांचाही समावेश असलेल्या पाच चाचण्या आल्या. असे असूनही २०१२ मध्ये दोन कोरियन कंपन्यांना सु. ९ लक्ष गाड्यांचे आकडे खाली आणावे लागले. यूरोपात जुन्या वेगचक्रानुसारची तफावत २००१ मधील सु. ९ टक्क्यांवरून २०१५ पर्यंत ४० टक्क्यांवर गेल्याचे आंतरराष्ट्रीय स्वच्छ वाहतूक परिषदेने दाखविले. म्हणजे कागदावर झालेल्या सुधारणेचा मोठा भाग रस्त्यावर उतरलाच नाही. २०१७ मध्ये तेथे नवे जागतिक वेगचक्र लागू झाले. गाड्यांतच बसविलेल्या मापकांच्या आधारे यूरोपीय आयोगाने २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार त्यानंतरही सु. २० टक्के तफावत उरली.

ग्राहकाचा हिशेब : जाहीर आकडा २२ व प्रत्यक्ष आकडा १६ किमी./लि. असल्यास महिना ९०० किमी. प्रवासाला ४१ लि. ऐवजी ५६ लि. पेट्रोल लागते, हा १५ लिटरांचा भुर्दंड कर्जाच्या हप्त्याबरोबर दरमहा सोसावा लागतो. दर लिटरमागे किलोमीटर हे माप येथे काहीसे फसवे ठरते. १० वरून १२·५ किमी./लि. अशी सुधारणा झाल्यास १०० किमी. मागे २ लि. वाचतात, तर २० वरून २५ वर गेल्यास केवळ १ लि. वाचतो. सरासरीतही अशीच चूक होते. दहा किमी. अंतर १२ किमी./लि. दराने व पुढील दहा किमी. २० किमी./लि. दराने कापल्यास सरासरी १६ नव्हे, तर १५ येते.

घरच्या घरी मापन करण्याची विश्वसनीय रीत साधी आहे. टाकी एकाच पंपावर, नळी आपोआप बंद होईपर्यंत भरावी, अंतरमापकाचा आकडा लिहून ठेवावा व पुन्हा तशीच टाकी भरताना लागलेल्या लिटरांनी मधल्या अंतरास भागावे. एका वेळच्या भरण्यावरून निष्कर्ष न काढता चार-पाच वेळांची एकूण बेरीज घ्यावी. टायरांतील दाब तपासणे, अनावश्यक ओझे काढणे, थांबा लांबल्यास एंजिन बंद करणे व वेग एकसारखा राखणे या उपायांनी तफावत काही अंशी कमी करता येते. परंतु ती पूर्णपणे नाहीशी होत नाही. प्रमाणित आकड्याचा खरा उपयोग दोन गाड्यांची परस्पर तुलना करण्यासाठी आहे. दोन्ही गाड्या एकाच चक्रावर तपासलेल्या असल्याने अधिक आकड्याची गाडी रस्त्यावरही बहुधा अधिक मितव्ययी ठरते. मात्र महिन्याचा खर्च ठरविताना प्रत्येकाने आपल्याच वहीतील आकडा धरणे श्रेयस्कर होय.