सामायिक दप्तर आणि लेखणीचा अधिकार

मराठेशाहींतील एखादें राजपत्र हातीं घेतलें म्हणजे मजकुराच्या अखेरीस एक लहानशी मुद्रा दिसते. माथ्यावरची मोठी मुद्रा पत्र कोणाचें आहे हें सांगते. शेवटची लहान मुद्रा, जिला मोर्तब किंवा लेखनसीमा म्हणत, ती मजकूर येथें संपला हें सांगते. तिच्या खालीं कोणी एक ओळ वाढविली, तर ती ओळ धन्याची नव्हे हें पाहणाराला तत्काळ कळावें, हा तिचा हेतु. पत्र वाचणारे अनेक असत. त्यांत भर घालण्याची मुभा मात्र त्यांना नसे. वाचणें आणि लिहिणें हे दोन अधिकार निराळे आहेत आणि दुसरा पहिल्यापेक्षां फार जपून द्यावा लागतो, ही गोष्ट दप्तर सांभाळणाऱ्यांना पूर्वापार ठाऊक होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दप्तर कागदावरून संगणकांत गेलें, तेव्हां हा जुना धडा जगाला ठेंचा खात नव्यानें शिकावा लागला. आज कचेरींतील एखादा कारकून सामायिक फोल्डर उघडतो, आंतील फाइल वाचतो, पण फेरफार करून ती जतन करूं जातांच ‘परवानगी नाहीं’ असें कोरडें उत्तर येतें. त्या दोन शब्दांमागें साठ वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत झाला. १९६१ च्या नोव्हेंबरांत तेथें फर्नांडो कोर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळीं काम करूं देणारी पद्धति चालवून दाखविली. तिला सी. टी. एस. एस. असें नांव होतें. तोंपर्यंत संगणक एका वेळीं एकाच धन्याचा असे. त्यामुळें कोणाची फाइल कोणी बिघडवील हा प्रश्नच फारसा उद्भवत नसे. अनेक माणसें एका छपराखालीं नांदूं लागलीं, आणि प्रत्येकाच्या खोलीला दार व प्रत्येकाला परवलीचा शब्द देणें प्राप्त झालें.

परंतु दारें केलीं तरी घरांतल्यांच्या सोयीसाठीं ठेवलेली मोकळीक घात करते. त्याच पद्धतीवर १९६० नंतरच्या दशकांत घडलेला एक प्रसंग पुढें फार प्रसिद्ध झाला. फाइल दुरुस्त करणारा जो कार्यक्रम होता, तो काम चालू असतांना एक तात्पुरती प्रत करी आणि तिला नेहमीं तेंच ठरीव नांव देई. एका खोलींत एकच मनुष्य असावयाचा, या समजुतीनें तसें केलेलें होतें. पुढें व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींच्या सोयीसाठीं त्यांच्या सामायिक खोलींत एकाहून अधिक माणसांना एकदम काम करण्याची सवलत मिळाली. एके दिवशीं त्यांतील एकजण सर्वांना दाखवावयाची दैनिक सूचना लिहीत होता आणि दुसरा परवलीच्या शब्दांची यादी दुरुस्त करीत होता. दोघांच्या तात्पुरत्या प्रतींचें नांव एकच; त्यांची अदलाबदल झाली. परिणाम असा कीं, जो जो संगणकापुढें येऊन बसे, त्याच्यापुढें दैनिक सूचनेच्या जागीं सर्वांचे परवलीचे शब्द छापून येऊं लागले. या प्रकारांत चोर कोणी नव्हता. दोन प्रामाणिक माणसांना एकाच ठिकाणीं एकाच वेळीं लिहूं दिलें, एवढीच चूक होती. १९९० चें ट्युरिंग पारितोषिक स्वीकारतांना केलेल्या व्याख्यानांत खुद्द कोर्बाटो यांनीं ही हकीकत मोकळेपणानें सांगितली.

याच संस्थेनें जनरल इलेक्ट्रिक कंपनी व बेल प्रयोगशाळा यांच्या सहकार्यानें ‘मल्टिक्स’ नांवाची मोठी पद्धति हातीं घेतली. १९६५ सालीं डेली आणि न्यूमन या दोघांनीं तिच्या फाइलव्यवस्थेविषयीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत प्रत्येक फाइलीला तिची स्वतंत्र अधिकारयादी जोडण्याची कल्पना मांडली होती: अमक्यानें फक्त वाचावें, तमक्यानें लिहावें. त्यांत आणखी एक बारकावा होता. आधींचा मजकूर बदलणें हा एक अधिकार, आणि त्याच्या शेवटीं भर घालणें हा दुसरा, असा भेद त्यांनीं केला होता. लेखनसीमेची मुद्रा उमटविणाऱ्या जुन्या चिटणिसाला हा भेद समजावून सांगावा लागला नसता.

१९६९ सालीं बेल प्रयोगशाळा मल्टिक्समधून बाहेर पडली आणि तेथील केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं एका लहानशा यंत्रावर आपली सुटसुटीत पद्धति उभी केली. तीच पुढें ‘युनिक्स’ या नांवानें जगभर पसरली. १९७१ च्या नोव्हेंबरांत निघालेल्या तिच्या पहिल्या पुस्तिकेंत लांबलचक यादीला फांटा दिलेला दिसतो. मालक आणि इतर असे दोनच वर्ग, आणि प्रत्येकाला वाचण्याची व लिहिण्याची मुभा आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न. पण दोन वर्गांत जगाचा कारभार बसत नाहीं, हें लवकरच दिसून आलें. पांच माणसें एका कामावर असलीं, तर पांचांनाहि लिहितां आलें पाहिजे. आणि ‘इतर’ म्हणजे सारें जग मोकळें करणें योग्य नव्हे. रिची आणि थॉम्प्सन यांच्या १९७४ च्या निबंधांत अद्याप मालक व इतर हे दोनच वर्ग आढळतात. १९७८ मध्यें त्याच निबंधाची सुधारलेली आवृत्ति निघाली, तींत मध्यें ‘गट’ हा तिसरा वर्ग येऊन बसलेला आहे. वाचण्याला चार, लिहिण्याला दोन, चालविण्याला एक, असे अंक धरून त्यांची बेरीज मालक, गट व इतर या क्रमानें लिहावयाची, हा हिशेब आजहि तसाच चालू आहे. ६६४ म्हटलें म्हणजे मालकानें व गटानें लिहावें, इतरांनीं नुसतें वाचावें.

या पद्धतींतील एक गोष्ट आजहि भल्याभल्यांना चकविते. फोल्डर ही वस्तुतः नांवांची वही आहे. फाइल नाहींशी करणें म्हणजे त्या वहींतील नांव खोडणें. म्हणून ज्याला फोल्डरवर लिहिण्याचा अधिकार आहे, तो फाइलीवर अधिकार नसतांनाहि ती काढून टाकूं शकतो. सर्वांसाठीं खुल्या ठेवलेल्या तात्पुरत्या जागेंत यामुळें कोणीहि कोणाचेंहि काम पुसावें अशी स्थिति होती. बर्कली विद्यापीठाच्या १९८६ च्या युनिक्स आवृत्तींत यावर उपाय आला. फोल्डरवर एक विशेष खूण केली असतां तेथें सर्वांनीं लिहावें, पण परक्याची फाइल काढूं नये, असा निर्बंध त्या खुणेनें पडला.

एका यंत्रापुरता हा बंदोबस्त पुरेसा होता. यंत्रें एकमेकांना जोडलीं गेलीं तेव्हां नवेंच संकट उभें राहिलें. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास एन. एफ. एस. नांवाची व्यवस्था आणली. दूरच्या यंत्रावरील फोल्डर आपल्याच यंत्रावर असल्यासारखा वापरावा, अशी तिची थोर सोय होती. परंतु ती माणसाला नांवानें ओळखत नसे, क्रमांकानें ओळखी. आणि समोरचें यंत्र जो क्रमांक सांगेल, त्यावर विश्वास ठेवी. एका यंत्रावर ५०१ हा एकाचा क्रमांक आणि दुसऱ्यावर तोच भलत्याचा असला, कीं मालकच परका ठरे आणि परका मालक. म्हणून सर्व यंत्रांवर क्रमांक एकसारखे राखणें आणि दूरच्या यंत्रावरील सर्वाधिकाऱ्याला येथें ‘कोणी नव्हे’ असें मानणें, हे दोन संकेत रूढ झाले.

कचेऱ्यांतील लहान संगणकांचा मार्ग निराळा होता. युटा राज्यांतील नोव्हेल कंपनीनें १९८३ मध्यें आणलेल्या ‘नेटवेअर’मध्यें फोल्डरावर अधिकार असणाराला ‘विश्वस्त’ असेंच म्हणत. वाचणें, लिहिणें, नवी फाइल करणें, पुसणें असे अधिकार त्यांत सुटे सुटे दिलेले होते. १९९२ च्या ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’मध्यें कारभार अगदींच साधा: एक परवलीचा शब्द वाचण्यासाठीं, दुसरा पूर्ण अधिकारासाठीं. ज्याच्या कानीं दुसरा शब्द पडला तो धनी! १९९३ च्या जुलैंत आलेल्या ‘विंडोज एन. टी.’नें मल्टिक्सची अधिकारयादी पुन्हां सिंहासनावर बसविली. मात्र तिनें दारें दोन केलीं. जाळ्यावरून येणाराला प्रथम वाटणीचा दरवाजा लागतो, मग फोल्डराचा. आणि दोहोंपैकीं जो अधिक कडक, त्याचें चालतें. आंतील दार सताड उघडलें, पण बाहेरच्या दारावर ‘फक्त वाचन’ अशी पाटी राहिली, तर लिहितां येत नाहीं. पूर्वीं बाहेरचें दार न सांगतां सर्वांना पूर्ण मोकळें असे. २००३ च्या सर्व्हरपासून तें न सांगतां केवळ वाचनापुरतें उघडूं लागलें. हा बदल शहाणपणाचाच होता; पण जुन्या संवयीच्या मंडळींना तो पुष्कळ दिवस बुचकळ्यांत टाकीत राहिला.

या दोन परंपरांचें मीलन घडविण्याचें श्रेय ऑस्ट्रेलियांतील अँड्र्यू ट्रिजेल याला आहे. १९९१ ते १९९२ च्या संधीवर कॅनबेरा येथें विद्यार्थी असतांना त्यानें जाळ्यावरून जाणारे संदेश न्याहाळून, कोणतीहि पोथी जवळ नसतांना, दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रांना युनिक्सवरील फाइली देणारा कार्यक्रम रचला. त्या संदेशपद्धतीचें नांव एस. एम. बी.; हीं तीन अक्षरें असलेला शब्द त्यानें कोशांत शोधला आणि ‘सांबा’ हें नांव ठेवलें. पण दोन भाषांमध्यें दुभाष्या आला म्हणजे दोन्हींचे नियम एकदम लागूं होतात. एक यादी सांबाची, दुसरे अंक युनिक्सचे. एकानें होय म्हटलें तरी दुसऱ्याचा नकार उरतोच.

दुरुस्तीचें शास्त्र या इतिहासांतूनच उपजलें. अधिकार देऊनहि लिहितां येत नाहीं, याचीं कारणें बहुधा ठरलेलीं असतात. बाहेरचें दार बंद असतें. किंवा गटांत नांव नुकतेंच घातलेलें असतें आणि त्या मनुष्यानें एकदां बाहेर पडून पुन्हां प्रवेश केलेला नसतो. किंवा नवी फाइल करणाऱ्याच्या यंत्रानें गटाचा लेखनाधिकार जन्मतःच काढून घेतलेला असतो. विंडोजमध्यें आणखी एक मौज आहे. एकाच तबकडीवर फाइल हलविली तर ती आपले जुने अधिकार बरोबर घेऊन येते. तिची नक्कल केली तर ती नव्या घराचे अधिकार घेते. सासरीं आलेल्या मुलीनें माहेरचेच नियम पाळावे, तसा तो प्रकार होय. जाणता मनुष्य म्हणूनच प्रथम विचारतो: हा मनुष्य कोण, तो कोणत्या गटांत, त्याला कोणतें दार आडवें येतें? मग तो गटाला अधिकार देतो, व्यक्तीला नव्हे. आणि नव्या फाइलींना तोच गट आपोआप मिळावा अशी तजवीज करतो.

घाईचा मनुष्य मात्र युनिक्सवर ७७७ हा अंक लिहितो, विंडोजवर ‘सर्वांना पूर्ण अधिकार’ असें लिहितो, आणि दुरुस्ती झाली म्हणून समाधान मानतो. कारकुनाचें काम तत्काळ चालूं लागतें खरें. पण भिंत पाडून दार उघडल्यासारखेंच तें झालें. याची किंमत जगाला २०१३ सालीं दिसली. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत ‘क्रिप्टोलॉकर’ नांवाचा दुष्ट कार्यक्रम ई-मेलच्या जोडपत्रांतून पसरूं लागला. ज्याच्या यंत्रांत तो शिरे, त्याच्या फाइली तो सांकेतिक लिपींत कोंडून ठेवी आणि किल्लीसाठीं खंडणी मागे. तो तेवढ्यावर थांबत नसे. त्या मनुष्याच्या यंत्राला जोडलेल्या सामायिक फोल्डरांतहि तो जाई. त्याला कुलूप फोडावें लागत नसे. त्या मनुष्याला जेथें जेथें लिहितां येत असे, तेथें तेथें त्यालाहि लिहितां येत असे. एका कारकुनाला सोयीसाठीं साऱ्या कचेरीचें दप्तर लिहावयास खुलें करून दिलें असेल, तर साऱ्या कचेरीचें दप्तर एका चुकीच्या टिचकीनें जात असे. जेथें त्याला फक्त वाचण्याचा अधिकार होता, तेवढेंच त्याच्या हातून सुरक्षित राही.

साल्ट्झर आणि श्रोडर या दोघा पंडितांनीं १९७५ सालीं, म्हणजे या संकटाच्या अडतीस वर्षें आधीं, दोन तत्त्वें लिहून ठेवलीं होतीं. प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा. आणि कांहींच सांगितलेलें नसेल, तेथें उत्तर नकार हेंच असावें. हीं तत्त्वें कठोर वाटतात, पण त्यांत अविश्वास नाहीं. सामायिक खोलींत चूक करणारे ते दोघे व्यवस्थापक विश्वासू नव्हते असें कोण म्हणेल? लेखणी मर्यादित ठेवण्यानें प्रामाणिक मनुष्याचेंहि त्याच्या चुकीपासून रक्षण होतें, आणि त्याच्या नांवानें शिरणाऱ्या चोरापासून इतरांचें. फोल्डराच्या दारावरचें ‘परवानगी नाहीं’ हें उत्तर कित्येकदां चुकीचें असतें आणि तें शोधून दुरुस्त केलेंच पाहिजे. पण तें दुरुस्त करणाऱ्यानें एका हातानें दार उघडतांना दुसऱ्या हातांत लेखनसीमेची ती लहान मुद्रा धरून ठेवावी, हेंच या इतिहासाचें सार आहे.