कोंबड्याचा तुरा आणि बाईचं रक्त

पाळीचा पत्ता नाही, वजन वाढलेलं, हनुवटीवर केस. आणि रिपोर्टात ‘टोटल टेस्टोस्टेरॉन’ मात्र नॉर्मल. पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) असलेल्या अनेकींना हे कोडं पडतं. त्याचं उत्तर या मोजमापाच्या कुळात सापडतं. त्या कुळात बाई फार उशिरा आली.

मूळ माप कोंबड्याच्या तुऱ्याचं. १८४९ साली ग्योटिंगेनमध्ये बेर्टोल्ड यांनी खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या पोटात वृषणं बसवली, तर तुरे पुन्हा वाढले. १९२०च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठात कॉक आणि सहकाऱ्यांनी त्याची रीतसर चाचणीच केली: वळूच्या वृषणांचा अर्क खच्ची कोंबड्याला टोचायचा आणि तुरा किती वाढला ते मोजायचं. १९३१मध्ये बुटेनान्ट यांनी पोलिसांची हजारो लिटर लघवी आटवून अँड्रोस्टेरॉन हे नर-संप्रेरक मिळवलं, १९३५मध्ये ॲमस्टरडॅमला लाकूर यांच्या गटाने वळूंच्या वृषणांतून खुद्द टेस्टोस्टेरॉन. कोंबडा, वळू, पोलीस. सगळी नरांचीच बिरादरी.

त्याच १९३५मध्ये शिकागोतल्याच स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी पाळी बिघडलेल्या, अंडाशय मोठे झालेल्या ७ स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. हाच आजचा पीसीओएस. काही स्थूल, काहींच्या अंगावर केस जास्त. त्यांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन मोजायची सोयच नव्हती. पुढे लघवीतली १७-किटोस्टिरॉइड्स मोजू लागले, पण ती बरीचशी ॲड्रिनल ग्रंथीतून आलेली. अंडाशयाचा त्यांवरून फारसा थांग लागत नसे.

खरी वाट उघडली ती यॅलो आणि बर्सन यांनी इन्सुलिनसाठी शोधलेल्या रेडिओइम्युनोॲसेने. दहाएक वर्षांत त्या रीतीने टेस्टोस्टेरॉनही मोजता येऊ लागलं. मग झटपट किट आली. पण पुरुषाच्या मानाने बाईच्या रक्तात ते दहाव्या-विसाव्या हिश्शाइतकंच. वखारीतल्या काट्यावर सोनं तोलावं तसं झालं. २००३मध्ये फ्रेंच संशोधकांनी १० किट मास स्पेक्ट्रोमेट्री या अधिक अचूक पद्धतीशी ताडून पाहिली, तेव्हा बायकांच्या नमुन्यांत ती सपशेल तोंडघशी पडली.

आणि वजन? ते आकड्यात मागच्या दाराने शिरतं. टेस्टोस्टेरॉनचा मोठा भाग रक्तात एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला बांधलेला असतो. मोकळा असतो तो जेमतेम १-२ टक्के. हे प्रथिन यकृतात तयार होतं. वजन वाढलं, इन्सुलिन चढं राहिलं, यकृतात चरबी साठली की त्याचं प्रमाण घटतं. एकूण आकडा जागचा हलत नाही, मोकळा हिस्सा मात्र वाढतो. दोघींचं टेस्टोस्टेरॉन लिटरमागे १.८ नॅनोमोल धरा. त्याच मापात एकीचं एसएचबीजी ६०, दुसरीचं २०. भागून शंभराने गुणलं की फ्री अँड्रोजन इंडेक्स येतो: पहिलीचा ३, दुसरीचा ९. टोटलच्या ओळीत दोघी सारख्याच नॉर्मल! पाच-दहा टक्के वजन उतरल्यावर काहींची पाळी परत येते, त्यात या प्रथिनाचाही वाटा असतो. बारीक अंगाच्या बायकांनाही पीसीओएस होतो, हे इथे विसरून चालणार नाही.

पण हा इंडेक्सही बेरकी. एसएचबीजी फार कमी असलं की तो फुगतो, म्हणजे नेमका वजनदार बायकांतच चुकतो. म्हणून मोकळा हिस्सा काढायला गेंटच्या फर्म्यूलन यांचं १९९९चं सूत्र बरं. ते अल्ब्युमिन या रक्तातल्या दुसऱ्या प्रथिनाचाही हिशोब धरतं. त्यात घालायला टेस्टोस्टेरॉनचा आकडा मात्र मास स्पेक्ट्रोमेट्रीचा हवा. ते यंत्र महाग, त्यामुळे पुष्कळ लॅबमध्ये अजून किटच चालते.