रसपरित्याग

रसपरित्याग : जैन आचारातील सहा बाह्य तपांपैकी एक, उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात नवव्या अध्यायात त्याचा उल्लेख येतो. दिगंबर परंपरेत दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि मीठ हे सहा रस मानतात आणि त्यांतील एक वा अधिक ठरावीक मुदतीसाठी सोडतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर हे तीर्थंकर मल्लिनाथांचे अतिशय क्षेत्र, म्हणजे चमत्कारांसाठी प्रसिद्ध तीर्थ. अशा ठिकाणी येणाऱ्या व्रतस्थांच्या ताटात हा आचार दिसतो. या तपाला जिभेचे वैर समजण्याची रीत आहे. आहारवर्तनाचे प्रयोग पाहिले तर ती पटत नाही.

आहारवर्तनाच्या संशोधक बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये दाखवले, की चार वेगवेगळ्या सारणांची सँडविचे पुढे आली की माणसे एकाच सारणाच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांश जास्त खातात. एका चवीचा कंटाळा येतो, पण दुसरीची भूक शाबूत राहते. पोट भरल्यावरही श्रीखंडाला जागा सापडते ती यामुळेच. ताटातून तूप आणि गोड गेले, की हा ‘पुढचा घास’ आपोआप कमी होतो. मिठाची गोष्ट आणखी बोलकी आहे. मीठ कडूपणा दाबते, म्हणून अळणी कारले पहिल्या दिवशी घशाखाली उतरत नाही. पण बर्टिनो, बोशाँप आणि एंगेलमन यांच्या 1982 च्या अभ्यासात पाच महिने कमी मीठ खाणाऱ्या तरुणांना पुढे कमीच मीठ चवदार लागू लागले. म्हणजे त्याग लांबला, तर चवीचे मापच खाली सरकते.

यावर रास्त आक्षेप असा, की मनाई केली की हाव वाढते. हर्मन आणि मॅक यांच्या 1975 च्या प्रयोगात खाण्यावर ताबा ठेवणाऱ्यांना आधी मिल्कशेक पाजले, तर त्यांनी नंतर आइस्क्रीम उलट जास्त खाल्ले. एकदा मोडलेच, मग आता कशाला राखायचे, असा तो हिशेब. पण तिथले बंधन ‘किती’चे होते. रसत्यागात ते ‘काय’चे आहे: मीठ नाही म्हणजे नाही, घासागणिक मोजदाद नाही, मुदत आधीच ठरलेली, आणि चौक्यात, म्हणजे व्रतींसाठीच्या शुद्ध स्वयंपाकघरात, स्वयंपाकच तसा झालेला. समोर नसलेल्या पदार्थाशी झगडावे लागत नाही. दुसरा आक्षेप हेतूचा: हे तप कर्मनिर्जरेसाठी, म्हणजे आत्म्याला चिकटलेली कर्मे झडावीत यासाठी आहे, वजनासाठी नव्हे. तो मान्यच करावा लागतो. आहारशास्त्राचा शिक्का मारून व्रताला मोठे करणे हा उथळपणा होईल, आणि चार-आठ दिवसांच्या अळणी जेवणाने पाच महिन्यांइतका बदल होईल असेही या पुराव्यावरून म्हणता येत नाही.