चल-बिंदू अंकगणितातील त्रुटी

दशमान अपूर्णांक संगणकात द्विमान पद्धतीने साठविताना व त्यांवर गणिती क्रिया करताना पडणारा सूक्ष्म फरक. संख्येचे सार्थ अंक व घातांक वेगळे ठेवून लहानमोठ्या संख्या ठराविक जागेत बसविण्याच्या रीतीस चल-बिंदू किंवा फ्लोटिंग पॉइंट म्हणतात. जागा ठराविक असल्याने न मावणारे अंक सोडून द्यावे लागतात.

अपूर्णांकाचा छेद २ चा घात असेल, तरच त्याची द्विमान मांडणी संपते. महाराष्ट्रातील जुना हिशेब योगायोगाने याच घडणीचा होता. पावकी, निमकीचे पाढे व १६ आण्यांचा रुपया ही त्याची उदाहरणे होत. आणा म्हणजे १/१६. द्विमान पद्धतीत बरोबर ०·०००१. (पई हा रुपयाचा १९२ वा भाग, तेथे छेदात ३ येत असल्याने ही सोय नाही.) उलट १/१० ची द्विमान मांडणी अनंत आवर्ती आहे.

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी आली, तेव्हा हीच अडचण दुसऱ्या बाजूने उभी राहिली. आणा ६·२५ नव्या पैशांचा झाला. अर्धा नवा पैसा किंवा त्याहून कमी भाग सोडावा व अधिक असल्यास पूर्ण धरावा, असा नियम होता. त्यानुसार दोन आण्यांचे १२ व तीन आण्यांचे १९ नवे पैसे होत. वसईहून मुंबईस भाजी नेणाऱ्याने दोन आण्यांची एकेक जुडी आठ गिऱ्हाइकांस विकल्यास ९६ नवे पैसे येत. आठही एकदम विकल्यास १००. चूक अर्ध्या पैशाची, पण दर वेळी एकाच दिशेची, म्हणून साचणारी.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत याच सुमारास, १९६० मध्ये, ४० द्विमान अंकी शब्दांचा टिफ्रॅक हा संगणक कार्यान्वित झाला.

साचणाऱ्या चुकीचे ठळक उदाहरण कॅनडातील व्हँकूव्हर शेअर बाजाराचे आहे. तेथील निर्देशांक १९८२ मध्ये १,००० पासून सुरू झाला. प्रत्येक गणनेत तिसऱ्या दशांश स्थळापुढील अंक नुसते छाटले जात. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो सुमारे ५२५ दिसत होता. दुरुस्तीनंतर सुमारे १,०९९ भरला.

१९८५ च्या आयईईई ७५४ या मानकात बरोबर मध्यावर येणारी संख्या सम अंकाकडे वळविण्याची रीत मूलभूत ठरली. (तिने सहा आण्यांचे ३७ ऐवजी ३८ नवे पैसे झाले असते; दोन आण्यांचे मात्र १२ च.) या रीतीने एकाच दिशेचा कल टळतो, त्रुटी नाहीशी होत नाही. ६४ अंकी मांडणीत ०·१ दहा वेळा मिळविल्यास बेरीज १ पेक्षा किंचित कमीच येते. म्हणून पैशांच्या हिशेबात रक्कम पूर्णांकी पैशांत किंवा दशमान अंकगणिताने ठेवणे इष्ट. २००८ च्या सुधारित मानकात दशमान मांडणीचाही समावेश झाला.