वेगळी चूल: डीएलएल हेल ते डॉकर

"माझ्या मशीनवर तर चालतंय" हे वाक्य ज्यांनी एकदा तरी म्हटलंय, त्यांच्यासाठी आजचा भाग. लॅपटॉपवर शहाण्यासारखा वागणारा प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर गेला की का रुसतो? याची गोष्ट बरीच जुनी आहे, आणि ती सुरू होते काटकसरीपासून.

१९९५ साली विंडोज ९५ आलं. त्याला किमान रॅम किती लागायची? ४ एमबी. जीबी नाही हं, एमबी. आज तुमच्या फोनने काढलेला एक फोटोसुद्धा त्यात मावेलच असं नाही. एवढ्याशा जागेत प्रत्येक प्रोग्रामने आपापलं सामान आणलं तर कसं व्हायचं? म्हणून विंडोजमध्ये एकत्र कुटुंबाची पद्धत होती. सगळ्यांना लागणारा कोड डीएलएल नावाच्या फाइलींत, आणि या फाइली बहुतेक वेळा एकाच सिस्टम फोल्डरमध्ये. प्रत एक, वापरणारे दहा.

घोळ घातला इन्स्टॉलरनी. समजा, सकाळी तुम्ही हिशेबाचं नवं सॉफ्टवेअर टाकलं. त्याने एमएफसी४२ नावाच्या डीएलएलची नवी आवृत्ती आणून ठेवली. संध्याकाळी सीडीवरून एक जुनी डिक्शनरी टाकली. तिच्या इन्स्टॉलरने काही न बघता त्याच नावाची जुनी फाइल त्यावर चढवली. डिक्शनरी मस्त चालतेय, हिशेब उघडतच नाही! आधी आवृत्ती तपासा, मगच फाइल बदला, असा नियम होता. पण पाळतो कोण? उलटंही व्हायचं: जुन्या फाइलमधल्या चुकीवरच एखादा प्रोग्राम विसंबून असायचा, आणि चूक दुरुस्त झाली की तो बंद पडायचा. प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे मात्र नेमकी हवी ती फाइल असायची, त्यामुळे त्याला यातलं काहीच दिसायचं नाही. या सगळ्याला लोकांनी नाव दिलं, डीएलएल हेल.

विंडोज २००० मध्ये पहारेकरी बसवला: सिस्टमची फाइल कुणी बदलली की मूळ फाइल परत जागेवर. पुढे २००१ च्या एक्सपीमध्ये एकाच डीएलएलच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवायची सोय झाली. कुणाला कोणती हवी, ते प्रोग्रामने सोबतच्या यादीत लिहायचं.

नेदरलँड्समध्ये उत्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा याच प्रश्नाच्या मुळाशी गेला. २००६ च्या त्याच्या पीएचडी प्रबंधाचा विषयच सॉफ्टवेअर एका मशीनवरून दुसऱ्यावर नीट कसं न्यायचं हा. त्याच्या निक्समध्ये प्रत्येक पॅकेजच्या फोल्डरच्या नावातच एक हॅश असतो, आणि तो निघतो सोर्स कोड, कंपायलर, लागणारी बाकीची पॅकेजेस या सगळ्यांवरून. यातलं काहीही बदललं की हॅश बदलला, म्हणजे फोल्डरही वेगळं. कुणी कुणावर चढणारच नाही. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात देखणी कल्पना हीच. पण शिकायला अवघड, त्यामुळे फार लोक तिकडे वळले नाहीत.

लोक वळले डॉकरकडे. मार्च २०१३, सांता क्लारामधलं पायकॉन संमेलन, सॉलोमन हाइक्सचं जेमतेम पाच मिनिटांचं भाषण. कर्नल सोडून बाकी सगळं एका इमेजमध्ये बांधायचं, आणि टेस्टिंगला चालवली तीच इमेज प्रॉडक्शनला न्यायची. थोडक्यात, प्रत्येकाने वेगळी चूल मांडली. भांडण मिटलं.

मग आला डिसेंबर २०२१. लॉगफोरजे या जावा लायब्ररीत भयंकर भोक सापडलं: बाहेरचा माणूस एक ओळ पाठवून तुमच्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. एकत्र कुटुंबात एक फाइल बदलली की काम झालं असतं. इथे प्रत्येकाच्या चुलीपाशी स्वतंत्र प्रत! जारच्या आत जार, ते सगळं इमेजच्या आत. मला नोकरीला लागून चारच महिने झाले होते, आणि काम मिळालं ते कोणत्या इमेजमध्ये कोणती आवृत्ती आहे याची यादी करायचं. दुरुस्ती म्हणून २.१५ आली, यादी केली. २.१६ आली, पुन्हा यादी. मग २.१७. शेवटी एक इमेज उरली, जी बनवणारा माणूस केव्हाच कंपनी सोडून गेला होता. उघडली तर आत लॉगफोरजेच्या तीन प्रती, तिन्ही वेगळ्या आवृत्तीच्या.