वायरलेस इअरबड्स : वाढीव वॉरंटी कितपत लाभदायक?
भारतात इअरबड्सवर उत्पादक सहसा एक वर्षाची वॉरंटी देतात. त्यापुढील कालावधीसाठी विक्रेते स्वतंत्र शुल्क आकारून वाढीव वॉरंटी देऊ करतात. ही वॉरंटी बहुधा निर्मितीतील दोषांपुरती मर्यादित असते. एखादा इअरबड हरवणे, पाण्याने खराब होणे, पडून फुटणे किंवा वापरामुळे बॅटरीची क्षमता घटणे या बाबी त्यातून अनेकदा वगळलेल्या असतात.

इअरबड्सबाबत नेमक्या याच अडचणी उद्भवतात. त्यांतील लिथियम-आयन बॅटरी अत्यंत लहान असते, वारंवार चार्जिंगमुळे तिची क्षमता घटत जाते आणि बहुतेक संचांत ती बदलता येत नाही.

समजा, २,००० रुपयांच्या संचासाठी योजनेचे शुल्क ३०० रुपये आहे. दाव्यात पूर्ण किंमत मिळते असे धरले, तरी वाढीव काळात दाव्यास पात्र बिघाडाची शक्यता १५ टक्क्यांहून अधिक असेल तरच ती परवडते. स्वस्त संचासाठी म्हणूनच ही रक्कम बाजूला ठेवणे श्रेयस्कर. महागड्या संचाबाबत अपघाती नुकसान व बॅटरीची घट यांचा लेखी समावेश असल्यास योजनेचा विचार करावा.

योजना उत्पादकाची आहे की त्रयस्थ कंपनीची आणि दाव्याच्या वेळी वेगळे शुल्क लागते का, हे आधी तपासावे. बिल जपून ठेवावे. सदोष वस्तू किंवा सेवेतील त्रुटीविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.